नॉर्थफील्ड चाकू, १८५८ ची चिठ्ठी आणि आमची चूक

नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. एक तारा, आणि खाली लिहिलंय की १८५८ चा म्हणून १४५ डॉलरला घेतलेला नॉर्थफील्डचा मिटणारा चाकू २०१२ चा निघाला. बंद पडलेल्या कंपनीचं नाव लावून आम्ही नकली माल विकतो. आठवड्याभरात पात्यावर डाग पडले. आणि भारतातून आलेल्या वडिलांसमोर तुमची मान खाली गेली. उत्तर खासगीत पाठवता आलं असतं. पण तक्रार चारचौघांत झाली आहे, आणि ज्या चिठ्ठीमुळे हे घडलं ती माझ्या हातची आहे, म्हणून इथेच लिहितो.

आधी चूक. काचेच्या कपाटात तुमच्या चाकूपुढे जी चिठ्ठी होती तिच्यावर मी लिहिलं होतं, ‘नॉर्थफील्ड, १८५८’. एवढंच. १८५८ हे मूळ कंपनी सुरू झाल्याचं साल, तुमच्या चाकूचं नव्हे. जुने चाकू जमवण्याच्या छंदात मुरलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगावं लागत नाही, पण चिठ्ठी मुरलेल्यांसाठी नसते, पहिल्यांदा येणाऱ्यासाठी असते. शिवाय हा चाकू कारखान्यातून पुठ्ठ्याच्या नळीत येतो. त्या नळीवरच्या लेबलावर आकडे असतात, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे बनवल्याचं साल. तुमच्या नळीवर शेवटी १२ आहे. कपाटात गर्दी नको म्हणून मी सगळ्या नळ्या मागच्या खोलीत ठेवल्या होत्या. म्हणजे खरं साल सांगणारी वस्तू आत राहिली आणि चुकीचा समज करून देणारी चिठ्ठी बाहेर. तुम्ही लिहिलंय, “जुना आहे ना?” असं विचारल्यावर मी “नाव फार जुनं आहे” म्हणालो. म्हणालो असेन. तुम्ही चाकूबद्दल विचारलं आणि मी नावाबद्दल सांगितलं. हे उत्तर चुकलं. त्याबद्दल मी तुमची आणि तुमच्या वडिलांची माफी मागतो.

तुमच्या वडिलांनी चाकू हातात घेऊन क्षणात सांगितलं की पात्याच्या बुडाशी, म्हणजे मुठीजवळ, कडा अजून कोऱ्या आहेत, दीडशे वर्षं वापरात असलेलं पातं असं नसतं. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाची नजर आहे ती. माझ्या दुकानात येणाऱ्या दहा जणांतल्या नऊ जणांना हे दिसत नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता ‘नकली’ या शब्दाबद्दल. तो मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते नीट सांगतो.

नॉर्थफील्ड हे कनेक्टिकट राज्यात लिचफील्डच्या हद्दीतलं लहानसं गाव. तिथे १८५८ मध्ये चाकूंची कंपनी उभी राहिली. तिचा शिक्का ‘यूएन-एक्स-एलडी’. अक्षरं मोठ्यानं वाचली की ‘अनएक्सेल्ड’ असा उच्चार होतो, म्हणजे ज्याच्या वर कोणी नाही असा. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या वॉस्टनहोम कंपनीच्या चाकूंवर ‘आय-एक्स-एल’ (‘आय एक्सेल’) असायचं, तीच धाटणी. ही कंपनी १९१९ मध्ये क्लार्क ब्रदर्स यांनी विकत घेतली आणि पुढे तेही टिकले नाहीत. नाव तेवढं उरलं.

मग २००६ मध्ये पेनसिल्वेनियातल्या टायटसविल इथे बिल हॉवर्ड आणि केन डॅनियल्स यांनी ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू केली. टायटसविल म्हणजे १८५९ मध्ये ड्रेकची तेलविहीर जिथे लागली ते गाव. तेलाइतकीच चाकूंचीही तिथे जुनी परंपरा आहे. क्वीन कटलरी त्याच गावची, २०१८ मध्ये बंद पडली. ग्रेट ईस्टर्न आपले चाकू स्वतःच्या नावानं काढते, तसेच ‘नॉर्थफील्ड’ आणि ‘टिडिऊट’ या दोन जुन्या नावांनीही काढते. तुमचा चाकू त्यांतला. कनेक्टिकटचा जुना कारखाना आणि हा कारखाना यांच्यात कारागिरांची अखंड साखळी नाही. नाव दत्तक घेतलेलं आहे. दत्तक मुलाला घराण्याचं नाव मिळतं, त्याची जन्मतारीख बदलत नाही. मी चिठ्ठीवर नेमकी तीच बदलली. पण कारखान्यानं काही लपवलेलं नाही. चाकू अमेरिकेत बनलेला आहे, जुन्या ढंगाचा आहे, आणि साल नळीवर छापलेलं आहे.

नकली चाकू वेगळा असतो. दुकान सुरू केल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका चाकू-मेळ्यात मी स्वतः तो घेतला होता. बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीचा ‘बुलेट’ चाकू, मुठीवर पितळी-चंदेरी काडतुसाची खूण असलेला. रेमिंग्टननं चाकू काढले ते १९२० ते १९४० या वीस वर्षांत, त्यामुळे त्यांना भाव असतो. मी ४०० डॉलर मोजले. घरी आणून भिंगाखाली पाहिलं तर पातं झिजलेलं आणि बुडावरचा शिक्का मात्र ताजा, अक्षरांच्या कडा टोकदार. कुणीतरी दुसऱ्याच चाकूचा जुना शिक्का कानशीनं घासून तिथे नवा ठोकला होता. विकणारा पुन्हा कधी भेटला नाही. ते पैसे गेले त्यापेक्षा, तो चाकू मी आधी दोन मित्रांना अभिमानानं दाखवला होता, ते जास्त लागलं होतं. म्हणून वडिलांसमोर तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं.

आणि याच रेमिंग्टनची दुसरी बाजूही आहे. १९८२ मध्ये कंपनीनं आपला जुना आर-११२३ हा चाकू पुन्हा काढला, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलस कारखान्याकडून बनवून घेऊन. नाव रेमिंग्टनचं, हात कॅमिलसचे. आज लोक तो १९८२ चा म्हणूनच शोधतात आणि त्याला १९८२ चीच किंमत देतात. त्यात कुणाची फसवणूक होत नाही. विंचेस्टर या दुसऱ्या बंदूक कंपनीचंही तसंच: ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ओहायोतल्या ब्लूग्रास कटलरीनं परवाना घेऊन ते चाकू पुन्हा आणले. शोध घेत गेलं तर जुन्या काळातही नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचे असंच असे. सीअर्स या दुकानांच्या साखळीच्या ‘क्राफ्ट्समन’ चाकूंवर दुकानाचं नाव असायचं आणि बनवणारे कॅमिलस किंवा श्रेड हे कारखाने असायचे.

सगळीच नावं अशी जपली जातात असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूयॉर्क नाइफ कंपनीच्या ‘हॅमर ब्रँड’चा हातोडा एकेकाळी उत्तम चाकूंवर असे. १९३१ मध्ये ती कंपनी बंद पडली, आणि पाच वर्षांनी तोच हातोडा प्रॉव्हिडन्सच्या इम्पीरियल कंपनीच्या स्वस्त, पत्र्याच्या मुठीच्या चाकूंवर आला. आमच्या काळात श्रेडचं तेच झालं. १९०४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वॉल्डन इथे सुरू झालेलं हे नाव. त्यांचा एलनव्हिलचा कारखाना जुलै २००४ मध्ये बंद पडला. नाव टेलर कंपनीनं विकत घेतलं आणि चाकू चीनमधून येऊ लागले. २००७ मध्ये कॅमिलसही बंद पडली आणि ते नाव अ‍ॅक्मे युनायटेडकडे गेलं. हे सगळं कायदेशीर आहे, आणि रोजच्या वापराला त्यांतले काही चाकू चांगलेही आहेत. मी ते वेगळ्या फळीवर, कमी किमतीत, चीनमध्ये बनलेले असं लिहून ठेवतो. तरी एलनव्हिलला बनलेल्या श्रेडच्या जुन्या ‘ओल्ड टायमर’ चाकूशेजारी त्याच नावाचा नवा चाकू ठेवताना मला बरं वाटत नाही. नाव विकत मिळतं, पण तिथल्या लोकांचा हात विकत मिळत नाही. नॉर्थफील्डच्या बाबतीत मी निर्धास्त होतो तो यामुळेच: इथे जुनं नाव घेणाऱ्यानं त्याला शोभेल असं काम केलं आहे. त्याच निर्धास्तपणात चिठ्ठी अपुरी राहिली.

एक गोष्ट सांगून ठेवतो, कुठेही चाकू घेताना उपयोगी पडेल. पातं उघडून बुडाच्या दोन्ही बाजू बघा, एकच नको. पुढे नाव असतं. देश किंवा खरा बनवणारा पुष्कळदा मागे असतो. अमेरिकेत १८९१ पासून परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग आहे, त्यामुळे ‘जर्मनी’ असा शिक्का दिसला की तो चाकू त्यानंतरचा असणार असा आम्ही अंदाज बांधतो. ‘चायना’ हा शब्द कधी पात्यावर बारीक अक्षरांत असतो, कधी फक्त खोक्यावर.

डागांबद्दल. तुमचं पातं १०९५ या कार्बन पोलादाचं आहे, स्टेनलेस नाही. वडिलांनी लिंबू कापलं आणि सकाळी पातं निळसर-काळं दिसलं असं तुम्ही लिहिलंय. हा दोष नाही. घरची जुनी लोखंडी विळी आठवा, कैरी किंवा चिंच लागली की काळी पडायची आणि त्याच काळपटपणामुळे पुढे कमी गंजायची. इथेही तेच. करडा-निळा रंग राहू द्या. तांबूस, बोटाला लागणारी पूड दिसली तर तो गंज. मऊ कापड आणि थेंबभर तेल घेऊन लगेच पुसा. कापून झालं की धुवा, कोरडं करा, मग मिटा. ओलं पातं मिटून ठेवलं तर सांध्यात गंज धरतो आणि तो काढणं कठीण जातं. पण हेही मी विकताना सांगायला हवं होतं. त्या दिवशी सांगितलं नाही.

आता पैशांचं. चाकू परत करायचा असेल तर पूर्ण १४५ डॉलर परत मिळतील. वापरलेला आहे, डाग आहेत, याची काळजी करू नका. परत पाठवायचा खर्चही आमचा. ठेवायचा असेल तर तोही निर्णय तुमचा, मी त्यासाठी आग्रह धरणार नाही. एवढंच सांगतो की २०१२ चा म्हणून १४५ ही त्याची रास्त किंमत आहे. १८५८ च्या काळातला, या अवस्थेतला नॉर्थफील्ड त्या पैशात मिळाला नसता. अभिप्राय बदला असं मी म्हणत नाही. जे घडलं ते तुम्ही लिहिलं आहे.

काल दिवसभर बसून कपाटातल्या सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या. आता प्रत्येकीवर चार गोष्टी आहेत: पात्यावरचं नाव, प्रत्यक्ष बनवणारा, बनवल्याचं साल, पोलाद. नळ्या चाकूंच्या मागे उभ्या केल्या आहेत. दाटी झाली आहे, होऊ दे.

तुमची नळी मात्र अजून माझ्याकडेच आहे. उद्या टपालानं पाठवतो, चाकू ठेवा अथवा परत करा. वडील चाकू घेऊन भारतात जाणार असतील तर तो चेक-इन बॅगेत ठेवायला सांगा, हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि जायच्या आधी त्यांना एकदा दुकानात आणता आलं तर आणा. मागच्या कपाटात खरोखरचा जुना नॉर्थफील्ड आहे, एक पातं अर्धं झिजलेलं, हाडाची मूठ तडकलेली. विकायचा नाही तो. त्याच्या बुडाशी असलेल्या कडा त्यांनी भिंगाखाली पाहाव्यात आणि मला दोन गोष्टी सांगाव्यात, अशी माझी इच्छा आहे.