‘एका थेंबात कंपवात ओळखा’ म्हणे!

हा मेसेज ग्रुपवर आधीही येऊन गेला होता, मी सोडून दिला. या वेळी तो लोकमान्यनगरच्या मावशीकडे पोचला, काकांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, आहे, आणि मावशीने तो वाचून त्यांची सकाळची गोळी ‘टेस्ट होईपर्यंत’ थांबवली. म्हणून आता लिहावंच लागतंय.

मेसेज थोडक्यात असा: बोटातल्या रक्ताच्या एका थेंबात मेंदूतलं ‘सडलेलं प्रोटीन’ सापडतं, अमेरिकेने टेस्टला मान्यता दिलीये, पंधरा वर्षं आधीच कळतं. निगेटिव्ह आली तर कंपवात नाहीच, गोळ्या बंद. पॉझिटिव्ह आली तर डाळ-दूध बंद करून कवचबीजाचं चूर्ण चालू करा. खाली इंदूरच्याच एका लॅबचा नंबर, रविवारी कॅम्प, आणि पुरावा म्हणून लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2023 च्या एका पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, स्क्रीनशॉट. गंमत म्हणजे स्क्रीनशॉट खरा आहे. तो पेपर फक्त कोणी उघडून वाचलेला नाही.

आधी थेंबाचं बघू. पेपरातली टेस्ट रक्तावर नाहीच, ती पाठीच्या मणक्यातून सुईने काढलेल्या पाण्यावर आहे. कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन चुकीचं दुमडतं आणि शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही तसंच वाकवतं. लॅबमध्ये त्या पाण्यात बाहेर तयार केलेलं चांगलं अल्फा-सिन्युक्लिन घालतात, थायोफ्लेविन नावाचा रंग घालतात आणि ऊब देऊन हलवत ठेवतात. पाण्यात वाकडं प्रोटीन असेल तर दुधाला विरजण लागावं तसं सगळं हळूहळू धरत जातं आणि रंग चमकायला लागतो. मशीन त्या चमकेचा आलेख काढतं. उत्तर हो किंवा नाही एवढंच. आजार किती वाढलाय, किती वर्षं हातात आहेत, यातलं काही ती टेस्ट सांगत नाही.

रक्तात अडचण अशी की अल्फा-सिन्युक्लिन निरोगी माणसाच्याही लाल पेशींमध्ये भरपूर असतं, म्हणून नुसतं मोजून उपयोग नाही. रक्तातलं वाकडं तेवढं वेगळं काढून तपासायचं संशोधन चालू आहे, 2023 मध्ये जपानी गटाचा पेपरही आला, पण ते संशोधन आहे, गल्लीतल्या कॅम्पचं काम नाही. कातडीचा छोटा तुकडा काढून करायची तपासणी मात्र चांगली निघालीये, तीही रक्ताची नाही.

मग ही लॅब कॅम्पात करते काय? मावशीने पत्रक पाठवलं. वर ‘न्यूरो प्रोटीन पॅकेज’, मेंदूचं चित्र, आणि खाली बारीक अक्षरात टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, बी-12. म्हणजे कोपऱ्यावरची कुठलीही लॅब करते त्याच नेहमीच्या टेस्ट! प्रोटीन हा शब्द दोन्हीकडे आहे, संबंध तिथेच संपला. हिंमत बघा लोकांची.

आता मुख्य मुद्दा, ‘निगेटिव्ह म्हणजे गोळ्या बंद’. त्यांच्याच स्क्रीनशॉटवाल्या पेपरात 1,123 लोक होते. कंपवाताच्या रुग्णांपैकी 87.7 टक्क्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आली. म्हणजे शंभरातले बाराएक रुग्ण आजार असून निगेटिव्ह. एलआरआरके-2 या जीनमधल्या दोषामुळे कंपवात झालेल्यांमध्ये तर पॉझिटिव्ह फक्त 67.5 टक्के, जवळजवळ तिसरा माणूस निसटला. आणि ही खरी टेस्ट, अल्ब्युमिनवाली नाही! निगेटिव्ह आली म्हणून कंपवात नाही, हे त्या पेपरावरून कुणीही म्हणू शकत नाही.

त्यात लेव्होडोपा, म्हणजे काकांची सिंडोपा, एकदम बंद करणं साधी गोष्ट नाही. अंग लाकडासारखं कडक होतं, जोराचा ताप चढतो, माणूस भ्रमात जातो, अ‍ॅडमिट करावं लागतं, जिवावरही बेतू शकतं. काकांची एकच गोळी चुकली होती तरी दुपारी ते बाथरूमच्या उंबऱ्याशी उभेच राहिले, पाय उचलेना, मावशी हात धरून ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत होती. मेसेज लिहिणारा तेव्हा तिथे नव्हता.

निरोगी लोकांनीही कॅम्पात जाऊ नये. पेपरातल्या निरोगी लोकांमध्ये 96.3 टक्के निगेटिव्ह आले, ऐकायला झकास वाटतं. पण साठीपुढच्या हजार जणांना रांगेत उभं केलं तर त्यात खरे रुग्ण दहाएक, आणि आजार नसून पॉझिटिव्ह येणारे पस्तीसच्या वर. त्यातल्या काहींना पुढे आजार होईलही, पण कोणाला आणि कधी, हे सांगता येत नाही आणि थांबवायचं औषध आज नाही. बसा मग घाबरून.

‘पंधरा वर्षं आधी’मध्ये थोडं तथ्य आहे, मान्य. वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं अशी चिन्हं कंप सुटायच्या बरीच वर्षं आधी दिसू शकतात, आणि अशा लोकांमध्ये या पेपरात 51 पैकी 44 पॉझिटिव्ह निघाले. पंधराचा आकडा मात्र मेसेजवाल्याचा. अमेरिकेची ‘मान्यता’ म्हणजे 2019 चा ‘ब्रेकथ्रू’ दर्जा, तो तपासणी लवकर पुढे सरकावी म्हणून देतात, ती मंजुरी नव्हे.

डाळ-दूध बंद करून मेंदूतलं प्रोटीन कमी होत नाही, उलट म्हातारा माणूस वाळतो. हां, जेवणातलं प्रोटीन आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच वाटेने शोषले जातात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगतात. वेळेचा प्रश्न आहे, वरण बंद करायचा नाही.

आणि ते चूर्ण. कवचबीजात खरंच लेव्होडोपा असतो, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतंय. पण म्हणूनच ते सिंडोपाच्या जोडीला घेतलं तर डोस किती झाला ते ना मावशीला कळणार ना डॉक्टरला. मावशी, मागवलं असशील तर ऑर्डर कॅन्सल कर, आणि आलंच असेल तर डबा पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत घेऊन जा, डॉक्टरांना दाखव.