बघितलं कुणी?

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार रात्री मी झेशुफमध्ये फोन कानाला लावून काढल्या. झेशुफ हे पोलंडच्या पूर्व टोकाचं शहर. युक्रेनची हद्द इथून गाडीनं तासाभरावर. आमचं गाव साताऱ्याजवळ, अपशिंगे मिलिटरीच्या पंचक्रोशीत. घरटी एक तरी माणूस फौजेत असण्याचा हा भाग. शेजारच्या काकूंचा मुलगा तेव्हा जम्मूकडं होता. टीव्हीवर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की काकूंच्या हातातला घास तिथंच राहायचा. त्यांना वाटायचं, भोंगा पोराच्या डोक्यावर वाजतोय. तो वाजत होता स्टुडिओत. ८ मेच्या रात्री तर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं कितीतरी वाहिन्यांनी सांगून टाकलं. बंदर जागच्या जागी होतं. अखेर १० मे रोजी सरकारलाच सांगावं लागलं की कार्यक्रमांत भोंग्यांचे आवाज वापरू नका.

त्या दिवसांपासून आमच्या घरात एक वाद सुरू आहे. युद्धात पत्रकारानं जावंच कशाला? माझे चुलते, तात्या, मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झाले, १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते. त्यांचं म्हणणं सरळ आहे. “आरं, एक पत्रकार पोस्टवर आला की दोन जवान त्याच्या मागं लावावं लागत्यात. त्यानं वाचायचं, आन् आमी?” वर ते २६/११ ची आठवण देतात. बाहेर कमांडो काय करतायत ते आत लपलेल्या अतिरेक्यांच्या साथीदारांना टीव्हीवर दिसत होतं. तात्यांचं हे मला पूर्ण मान्य आहे. चालू कारवाई थेट दाखवू नका, ही सरकारची २६ एप्रिल २०२५ ची सूचना मला योग्यच वाटते.

पण तात्यांना मी जे पाहिलंय ते दिसलेलं नाही, आणि मला ते त्यांना सांगायचंय.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. म्हणून जगभरचे पत्रकार आमच्या शेजारच्या प्शेमिश्ल स्टेशनवरून रेल्वेनं कीवला जातात. त्या मार्चमध्ये आपले वैद्यकीय विद्यार्थी हद्द ओलांडून येत होते तेव्हा आम्ही मराठी मंडळी डबे आणि गरम कपडे घेऊन तिथं उभे होतो. तिथंच ल्विवच्या एका मुलीशी ओळख झाली. परदेशी वाहिन्यांची ती फिक्सर. गाडी चालवायची, भाषांतर करायचं, चौकीवर परवानगी मिळवायची, आणि कुठल्या रस्त्यानं जायचं नाही ते सांगायचं. वाहिनीचा माणूस दोन आठवड्यांनी परत जातो. ती तिथंच राहते, कारण तिचं घर तिथं आहे. तिचं चिलखत दहा-बारा किलोचं, त्यावर रक्तगट लिहिलेला. रक्त थांबवायचा पट्टा, टूर्निकेट, छातीवर मधोमध अडकवलेला. का, तर एक हात गेला तरी दुसरा तिथं पोचला पाहिजे.

हे ऐकून मला पहिल्यांदा कळलं की ‘प्रेस’ हा शब्द अंगावर मिरवायला नसतो. तो गोळीबार करणाऱ्यानं वाचावा म्हणून असतो. १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलच्या कलम ७९ प्रमाणे रणभूमीवरचा पत्रकार नागरिकच धरायचा. आणि होतं काय? ११ मे २०२२ ला वेस्ट बँकमधल्या जेनिनमध्ये अल जझीरा वाहिनीची पत्रकार शिरीन अबू आकलेह मारली गेली, तेव्हा तिच्या अंगावर ‘प्रेस’ लिहिलेलं जाकीट होतं. ३ ऑक्टोबर २०२५ ला पूर्व युक्रेनच्या दोनबासमध्ये फ्रेंच छायाचित्रकार अँतोनी लालिकां ड्रोनच्या हल्ल्यात गेला. त्याच्याही अंगावर तेच. तोफेचा गोळा आंधळा असतो असं म्हणता येईल. पण त्या ड्रोनला कॅमेरा असतो, चालवणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो.

गाझाचं तर बोलायलाच नको. परदेशी पत्रकारांना इस्रायल स्वतंत्रपणे आत सोडत नव्हता, म्हणून तिथलं जे काही आपण पाहिलं ते तिथल्याच माणसांनी टिपलेलं. २५ ऑगस्ट २०२५ ला खान युनिसच्या नासेर रुग्णालयाच्या जिन्यावर रॉयटर्सचा कॅमेरामन हुसाम अल-मसरी थेट प्रक्षेपण करत होता. पहिल्या माऱ्यात तो गेला. मदतीला आणि चित्रणाला माणसं धावली, आणि काही मिनिटांत तिथंच दुसरा मारा झाला. त्या दोन माऱ्यांत पाच पत्रकार मेले.

आपला दानिश सिद्दीकी, रॉयटर्सचा छायाचित्रकार, १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात कंदाहारच्या स्पिन बोल्दकमध्ये मारला गेला. त्या वेळी आपल्याकडं काहींनी समाजमाध्यमांवर टाळ्या वाजवल्या. त्याची लाज मला आजही वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं, की आघाडीवर जाऊन पाहणारा आणि स्टुडिओत भोंगा लावणारा या दोघांना आपण एकाच नावानं हाक मारतो, तिथं घोळ आहे. तात्यांचा राग दुसऱ्यावर आहे, पण तो निघतो पहिल्यावर. बघणारा कुणी उरला नाही तर काकूंच्या वाट्याला फक्त भोंगा येतो. १९७१ ला तात्यांचं पत्र बरेच आठवडे आलं नव्हतं; ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी आजी रोज संध्याकाळी बसून राहायची. खरी बातमी म्हणजे काय, हे फौजींच्या घरांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

आपल्या मराठी वर्तमानपत्रांकडं माझं एक मागणं आहे. गाझाचा, खारकीवचा फोटो पहिल्या पानावर येतो आणि खाली बारीक अक्षरात ‘वृत्तसंस्था’ एवढंच असतं. काढणाऱ्याचं नाव छापा. ज्यांच्याकडून चित्रं विकत घेता त्यांना विचारा, या माणसाचा विमा कुणी उतरवलाय, जखमी झाला तर बाहेर कोण काढणार आहे? बहुतेक वेळा तो कुणाच्याच पगारावर नसतो.

ल्विवची ती मुलगी अजून काम करते. परवा तिचा निरोप आला, चार टूर्निकेट हवेत, पण बाजारातले नकली नकोत, ते ऐनवेळी तुटतात. हे मी तात्यांना फोनवर सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्याकडं निस्ती पट्टी असायची रं. दोनाचं पैसं माझ्याकडनं घे.” शनिवारी मी प्शेमिश्लला जाणार आहे.