रंकाळ्याकाठी बसून समुद्र कसा लिहावा

साहित्यिक रहस्यकादंबरी लिहायची ना, मग गाव किनाऱ्यावरचंच घ्या. कोल्हापुरात दुपारी खून केलात तर संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध पीत उभी असलेली माणसं खुन्याचं नाव, गल्ली आणि तालीम सांगून मोकळी होतात. मग पुढची तीनशे पानं भरायची कशानं? तेव्हा मालवणासारखं एखादं गाव उचला आणि त्याला खोटं नाव द्या. तिकडं जायची गरज नाही. गगनबावड्याच्या पुढं घाटात गाडी लागते, आणि ओकाऱ्या काढणाऱ्याला गूढ सुचत नाही. रंकाळ्याच्या कठड्यावर बसा, भेळ घ्या आणि पलीकडचा काठ दिसेनासा होईस्तोवर डोळे बारीक करा. झाला अरबी समुद्र!

रंकाळ्याला भरती-ओहोटी नाही, ही किरकोळ अडचण. सलग तीन रात्री बाराच्या ठोक्यालाच भरती आणा. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. रोज ती पाऊणेक तास पुढं सरकते. सरकू दे. ती माणसं कुठं तुमचं पुस्तक विकत घेणार आहेत?

माझ्या कादंबरीत ऐन जुलैत ट्रॉलरच्या जाळ्यात प्रेत येतं. एका मालवणी खानावळवाल्याला हौसेनं वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "जुलैत ट्रॉलर खंय असतत रे?" १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणे. मी महिना बदलला नाही. वास्तववादाच्या पलीकडं जायचं तर कुठूनतरी सुरुवात करायलाच हवी. (सोलकढी मात्र फर्मास होती.)

खुनी शेवटपर्यंत सांगू नका. तो तुम्हालाही सापडलेला नाही, हे कुणाला कळत नाही. त्याला 'अनिर्णिततेचं सौंदर्य' म्हणतात. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांना वाचक मिळाले. तुम्हाला परिसंवाद हवेत.

प्रकाशन शाहू स्मारक भवनात ठेवा. मागच्या रांगेतनं कुणीतरी ओरडेलच, "भावा, खून कुणी केला तेवढं सांग की!" उत्तर देऊ नका. उठून सावकाश दारापर्यंत जा आणि बाहेर बघत उभे राहा. समोर दसरा चौकातल्या रिक्षा असतील. तुम्ही गलबत शोधल्यासारखं बघा.