हुद्दा नंतर विचारा, आधी पेशंट किती ते विचारा

"जीएनएम झालेली मुलगी अमेरिकेत जाऊन एलव्हीएन झाली, म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण पाण्यात." जीएनएम हा तिकडचा नर्सिंगचा डिप्लोमा, आणि एलव्हीएन हा अमेरिकेतला आरएनच्या, म्हणजे नोंदणीकृत नर्सच्या, खालच्या पायरीचा परवाना. वरचं वाक्य इथे कॅलिफोर्नियात तिकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, वर्षातून दोनचारदा तरी कानावर येतं. कधी नर्सिंग कॉलेजच्या निरोप समारंभात, कधी एनसीएलएक्स या अमेरिकी परवाना परीक्षेचे क्लास चालवणाऱ्यांच्या तोंडून, कधी लग्नाच्या बोलणीत. त्याला जोडूनच दुसरं येतं: "म्हाताऱ्यांना गोळ्या वाटायला इतक्या लांब कशाला जायचं?" दोन्ही वाक्यांचा मला मनापासून राग येतो. हे बोलणाऱ्यांपैकी कुणीही आजवर विचारलेलं नाही की पाळीत पेशंट किती असतात, रात्री वरिष्ठ कोण असतं आणि कागदावर सही कुणाची लागते. नर्सच्या नोकरीत विचारण्यासारखं मुख्य तेवढंच आहे.

एलव्हीएन हे नाव कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये. बाकी राज्यांत त्याच परवान्याला एलपीएन म्हणतात. कॅलिफोर्नियात या कोर्सला किमान १५३० तास लागतात: ५७६ वर्गात, ९५४ प्रत्यक्ष पेशंटपाशी. मग एनसीएलएक्स-पीएन, पाच तासांची वेळ, किमान ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न. तिकडच्या एएनएमशी, म्हणजे सहायक परिचारिकेशी, त्याची तुलना करणाऱ्यांनी फक्त कोर्सचा कालावधी पाहिलेला असतो.

जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेली मुलगी या परवान्याकडे का वळते, हेही कुणी नीट सांगत नाही. रुग्णालयाने थेट भारतातून आणायचं तर ते आरएनला आणतात, कारण ग्रीन कार्डसाठीच्या टंचाईच्या कामांच्या शेड्यूल ए यादीत आरएन आहे आणि एलव्हीएन नाही. एलव्हीएनच्या नावावर व्हिसा करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवावं. एलव्हीएन होतात त्या बहुतेक आधीच इथे आलेल्या असतात, नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसामागे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर किंवा भावाबहिणीच्या अर्जावर. एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळते ती २०१५च्या नियमामुळे, आणि तीही सहसा नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी केलेला ग्रीन कार्डचा अर्ज, मंजूर झाल्यावर. तोवर परवाना खिशात असला तरी पगार घेता येत नाही.

आरएनचा अर्ज आधी करावाच, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण कॅलिफोर्नियाच्या आरएन बोर्डाची अट आहे की प्रत्येक विषयाची थिअरी आणि त्याचं क्लिनिकल एकाच काळात झालेलं असावं. तिकडे मानसोपचाराची थिअरी एका वर्षी आणि त्या वॉर्डाची पोस्टिंग पुढच्या वर्षी, असं सर्रास होतं. कागदावर ते दिसलं की बोर्ड तो विषय पुन्हा करायला सांगतं, आणि बाहेरच्या उमेदवाराला एकच विषय शिकवायला तयार असलेलं कॉलेज शोधता शोधता वर्षं जातात. अशा वेळी एलव्हीएनचा परवाना घेऊन कामाला लागणं शहाणपणाचं आहे. पुढे एलव्हीएनमधून आरएन होण्याची वाट उघडी असते. त्यातला ३० युनिटचा, म्हणजे मोजकेच विषय करण्याचा, पर्याय लवकर संपतो, पण त्यातून मिळणारा परवाना इतर राज्यं सहसा मान्य करत नाहीत. कॅलिफोर्निया नर्सिंग कॉम्पॅक्टमध्येही, म्हणजे एकमेकांचे परवाने मानणाऱ्या राज्यांच्या करारातही, नाही. नवऱ्याची नोकरी उद्या डॅलसला जाणार असेल तर त्या वाटेने जाऊ नये.

आता कामाकडे येते. मिरजेच्या किंवा नाशिकच्या खासगी रुग्णालयात नर्स दिवसातून वीस वेळा शिरेतून इंजेक्शन देते. कॅलिफोर्नियात एलव्हीएनला आयव्हीचं वेगळं प्रमाणपत्र घेतल्यावर सुई लावता येते, रक्त काढता येतं, सलाइन चालू करता येतं. पण शिरेतून औषध सर्वसाधारणपणे देता येत नाही. अँटिबायोटिकची छोटी पिशवीसुद्धा आरएननेच लावायची. तिकडून आलेल्या अनुभवी नर्सला सगळ्यात मोठा धोका इथेच असतो. हाताला सवय असते, पेशंट समोर असतो, आरएन दुसऱ्या टोकाला असते आणि सुपरवायझर म्हणते, "तुला येतं ना, लाव." नाही म्हणायचं. परवाना तुमच्या नावावर आहे, तिच्या तोंडी सांगण्यावर नाही. तसंच नव्या पेशंटच्या पहिल्या संपूर्ण तपासणीचं. एलव्हीएनने नाडी, दाब, त्वचा, वेदना यांच्या नोंदी गोळा करायच्या. त्यावरून मूल्यमापन करून सही करायची ती आरएनने. आरएनच्या रकान्यात कुणाच्याही आग्रहाखातर सही करू नये.

"गोळ्या वाटणं" म्हणतात ते काय असतं तेही सांगते. सगळ्यात जास्त एलव्हीएन नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या आणि दीर्घकाळ आजारी माणसांच्या शुश्रूषागृहात असतात, ज्याला इथे एसएनएफ म्हणतात. सकाळी नऊच्या औषधांना बहुतेक ठिकाणी एक तास आधी ते एक तास नंतर अशी मुभा असते. पंचवीस पेशंट धरले तर माणशी पाच मिनिटंसुद्धा येत नाहीत. त्यात मेटोप्रोलॉलआधी दाब आणि नाडी बघायची, कारण ऑर्डरमध्येच लिहिलेलं असतं की वरचा दाब ११० खाली किंवा नाडी ६० खाली असेल तर देऊ नका. गिळता न येणाऱ्याच्या गोळ्या कुटून सफरचंदाच्या गरात द्यायच्या, पण दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी कुटायची नाही, नाहीतर सगळा डोस एकदम उतरतो. पोटात नळी असेल तर प्रत्येक औषध वेगळं विरघळवून मधे पाणी सोडायचं. सगळी एकत्र ओतली की नळी तुंबते. तपासणीला आलेले अधिकारी मागे उभं राहून किमान पंचवीस डोस मोजतात आणि चुका पाच टक्के झाल्या की संस्थेवर ठपका येतो. हे काम हलकं वाटणाऱ्यांनी एक सकाळ त्या औषधांच्या कार्टबरोबर चालून बघावं.

पाळी बदलताना नार्कोटिकची, म्हणजे कुलपात ठेवलेल्या नशेच्या औषधांची, मोजणी असते. जाणारी आणि येणारी दोघी कार्टपाशी उभ्या राहतात. एकीने वही वाचायची, दुसरीने कार्डावरच्या गोळ्या मोजायच्या. वहीत नॉर्को या वेदनाशामकाच्या २३ गोळ्या असतील तर कार्डावर २३ कप्पे अखंड दिसले पाहिजेत. मग कार्ड उलटं करून मागचं फॉइल बघायचं, कारण गोळी काढून जागा टेपने चिकटवलेली असेल तर पुढून कळत नाही. कधी आत दुसरीच गोळी असते. आकडा जुळेपर्यंत किल्ली हातात घ्यायची नाही. किल्ली घेतली की तूट तुमच्या नावावर. पाळी धोक्याची वाटत असेल तर तीही रिपोर्ट आणि किल्ली घेण्याआधीच नाकारायची. घेतल्यावर निघून गेलात तर पेशंट वाऱ्यावर सोडल्याचा आरोप येऊ शकतो. टेक्सासमध्ये अशा वेळी सेफ हार्बरची, म्हणजे काम असुरक्षित असल्याचं लेखी नोंदवून परवान्याला संरक्षण मिळवण्याची, तरतूद आहे. तिथल्या मुलींनी तो फॉर्म कुठे ठेवलेला असतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

आता संख्या. कॅलिफोर्नियात रुग्णालयांसाठी नर्स-पेशंट प्रमाण कायद्यात आहे. १९९९ साली तो कायदा झाला, २००४ पासून लागू झाला. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्समागे पाचपेक्षा जास्त पेशंट नाहीत. त्या मोजणीत परवानाधारक नर्सपैकी निम्म्यापर्यंत एलव्हीएन चालतात. एसएनएफला मात्र हे प्रमाण नाही. तिथे दर पेशंटमागे दिवसाला ३.५ तासांची शुश्रूषा हवी, त्यातले २.४ तास सीएनएचे, म्हणजे शुश्रूषा सहायकांचे. उरतात १.१ तास. ९९ खाटा भरलेल्या धरल्या तर चोवीस तासांत नर्सचे १०९ तास, म्हणजे आठ तासांच्या साडेतेरा पाळ्या. सकाळी पाच, संध्याकाळी पाच, रात्री तीन. रात्रीच्या एलव्हीएनकडे तेहतीस पेशंट येतात ते असे, आणि ते पूर्ण कायदेशीर असतं.

९९ हा आकडा मी मुद्दाम घेतला. शंभर किंवा जास्त खाटा असल्या की इथल्या नियमाने चोवीस तास आरएन जागी आणि हजर लागते. त्याखाली रात्रभराची जबाबदारी एकट्या एलव्हीएनवर असू शकते, म्हणून ९९ खाटांच्या इमारती पुष्कळ दिसतात. नोकरीचा अर्ज करताना खाटा किती ते आधी बघावं. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या केअर कम्पेअर साइटवर प्रत्येक संस्थेचे स्टाफिंगचे तास आणि वर्षात किती नर्स सोडून गेल्या त्याची टक्केवारी उघड दिसते. राज्याच्या आरोग्य खात्याकडे तपासणी अहवाल असतात. त्यात औषधांच्या चुका आणि पडणारे पेशंट पुन्हा पुन्हा येत असतील तर तिथे माणसं कमी आहेत असं धरून चालावं. मुलाखतीला गेलात की दाराशी लावलेला त्या दिवसाचा स्टाफिंगचा कागद वाचावा. तो लावणं त्यांना बंधनकारक आहे. मग विचारावं: माझ्या पाळीत एका कार्टवर किती पेशंट? जखमांची ड्रेसिंग करायला वेगळी नर्स आहे का, की तेही माझ्याकडे? रात्री आरएन इमारतीत असते की फोनवर? ओरिएंटेशन किती दिवसांचं आणि त्यात मला मोजणीत धरणार का? नव्या परवान्यावर तीन दिवस दाखवून चौथ्या दिवशी एकटीला सोडणारी जागा पगार दोन डॉलर जास्त असला तरी घेऊ नये.

पगाराचंही सांगते, कारण तिकडे आकडे फुगवून सांगतात. मे २०२४च्या सरकारी आकडेवारीत अमेरिकाभर एलपीएन-एलव्हीएनचा मध्यक पगार वर्षाला ६२,३४० डॉलर होता आणि आरएनचा ९३,६००. फरक मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण कॅलिफोर्नियात, बारा तासांची मंजूर वेळापत्रकं सोडली तर, आठ तासांवरच्या कामाला दीडपट आणि बारावर दुप्पट मिळतात. पाचवा तास संपायच्या आत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी द्यावी लागते आणि ती दिली नाही तर एक तासाचा जादा पगार. म्हणूनच काही ठिकाणी "पंच आउट करून चार्टिंग पूर्ण कर" असं, म्हणजे निघाल्याची नोंद करून मग बिनपगारी नोंदी लिही असं, गोड बोलून सांगतात. ते कधीही करू नये. पंच न केलेल्या वेळात पेशंट पडला तर तुम्ही तिथे का होतात याचं उत्तर देता येत नाही.

हे सगळं वाचून तिकडची मंडळी म्हणतील, बघा, तिथेही तेहतीस पेशंट. हो, आहेत. पण तो आकडा मला माहीत आहे, दारावर लावलेला आहे, आणि तो मोडला तर तक्रार घेणारं खातं आहे. तिकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाचामागे एक नर्स असं कधीचं सांगून ठेवलंय. कोणत्या वॉर्डात ते पाळलं जातं? २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. आजही जिल्ह्याच्या ठिकाणी त्याहून कमी पगारावर मुली राबतात आणि वर मूळ सर्टिफिकेटं मालकाच्या कपाटात. २०२२च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा पेशंटच्या हालांवर जेवढं बोललं गेलं त्याच्या पावपटसुद्धा पेशंटच्या संख्येवर बोललं गेलं नाही. त्या बायकांना मानाचा धडा देणाऱ्यांनी एलव्हीएनचा मान काढू नये.

माझा राग नुसत्या आकड्यांचा नाही, हेही कबूल करते. कॅलिफोर्नियाचा परवाना दोन वर्षांनी ३० तासांचं शिक्षण दाखवून नवा होतो, ते नोकरीचा भाग म्हणून होतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र आमच्यापैकी बऱ्याच जणी इथे बसून, भावाला नाहीतर वहिनीला मुंबईला पाठवून चालू ठेवतात. इथल्या रोजच्या कामात तिचा काही उपयोग नाही. आपण तिथल्या नर्स आहोत हे कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठीच ती असते. मग तिथल्याच शिक्षिका म्हणतात की ही आता खरी नर्स राहिली नाही. ते इथल्या कुठल्याही सुपरवायझरच्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं. इथे आमचं गाव कुणाला माहीत नसतं, तिकडे आमचं काम कुणाला माहीत नसतं, आणि दोन्हीकडे आपण कोण ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

तेव्हा त्या शिक्षिकांना, आणि मॅडम म्हणूनच सांगते, निरोपाच्या भाषणाऐवजी दुसरं काही करता येईल. प्रत्येक मुलीच्या ट्रान्सक्रिप्टवर विषयवार थिअरीचे तास आणि क्लिनिकलचे तास वेगळे लिहा, तारखांसकट. थिअरी आणि पोस्टिंग एकाच टर्ममध्ये बसवा. बोर्डाचा फॉर्म आला की कॉलेजने तो भरून सीलबंद थेट पाठवायचा असतो. मुलीच्या हातात दिला तर तो परत येतो. आणि जिथे नोकरी केली त्या रुग्णालयाकडून "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत स्टाफ नर्स" एवढंच पत्र घेऊ देऊ नका. इथलं एलव्हीएन बोर्ड अनुभवाच्या आधारावर अर्ज घेतं तेव्हा ५१ महिने मागतं आणि ते खात्यानुसार मोजतं: मेडिकल-सर्जिकलचे ४८ महिने, प्रसूतीचे आणि बालरुग्णांचे सहा-सहा आठवडे. शिवाय फार्माकॉलॉजीचे ५४ तास. मेट्रन बदलायच्या आत, रेकॉर्ड रूममधली जुनी रजिस्टरं रद्दीत जायच्या आत, वॉर्ड आणि महिने लिहिलेलं पत्र लेटरहेडवर घ्यायला लावा, शिक्क्यासकट, दोन मूळ प्रतींत.