पावडरीचा डबा आणि तान्ह्याचा श्वास

बारशाच्या भेटींत पावडरीचा डबा असतोच. कट्ट्यावर वाद पेटला तो त्यावरूनच.

"टाकून द्यायची सरळ," मंदार म्हणाला. "कॅन्सर होतो. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा परवाना उगाच गेला होता का?"

शिरीष औषधांच्या दुकानात बसतो. "ते प्रकरण पीएचचं होतं रे. नमुन्यांत पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, जास्त निघाला म्हणून २०२२ मध्ये एफडीएनं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं, परवाना रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टानं तो आदेशच फिरवला. कॅन्सरचा वाद अॅस्बेस्टॉस या घातक खनिजाच्या भेसळीवरून पेटला, अमेरिकेत."

"म्हणजे लावायला हरकत नाही," प्रभाकरकाका खूश झाले.

"आहे ना काका," सुनीता म्हणाली. ती नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. "या पावडरीत टाल्क असतं, म्हणजे दगडाची भुकटी. पाण्यात विरघळत नाही. श्वासाबरोबर आत गेली की बारीक नळ्यांत चिकटून बसते, तिथला ओलावा शोषते. तान्ह्याला ती खोकून काढता येत नाही. आणि डबा तोंडावर उपडा झाला तर बाळ आधी ठीक दिसतं, त्रास काही तासांनी सुरू होतो. म्हणून वाट बघत बसायचं नाही. कपडे काढा, तोंड ओल्या फडक्यानं पुसा आणि दवाखाना गाठा. वाटेत श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त भरले तर ते धापा टाकतंय."

"मग मक्याच्या स्टार्चची घ्या. कंपनीनंही तीच आणली," मंदार.

"कण जरा मोठे, पण धूळ ती धूळच."

"आणि उन्हाळ्यात मान लालभडक होते, तिचं काय?" काका हटेनात.

"पावडर घामात भिजली की तिच्या गुठळ्या होतात, त्या कातडीच्या घडीत घासतात. कोमट पाण्यानं धुवा, मऊ सुती कापडानं टिपा, चोळू नका. सुती झबलं घाला, खोलीत वारा खेळू द्या. लंगोटाखालच्या कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. पुढच्या वेळी घाण झालेला थरच पुसायचा, सगळं खरवडायचं नाही. लाल चट्ट्याभोवती बारीक ठिपके उठले तर बुरशी असू शकते, ती डॉक्टरांना दाखवा."

"घामोळ्याची पावडर तर मुळीच नको," शिरीषनं भर घातली. "काहींत बोरिक अॅसिड असतं. सोललेल्या कातडीतून ते रक्तात उतरतं आणि तान्ह्याला विषबाधा होते."

"चिमूटभर, हातावर घेऊन?" काकांनी शेवटचं विचारलं.

"चिमूटभरसुद्धा नको, काका."