कोकणातच राहा म्हणे!

युवा रोजगार मेळावा. वेळ सकाळी दहा. प्रमुख पाहुणे उगवले जेवणाच्या सुमाराला. कारण काय, तर मुंबई-गोवा हायवे. २०११ पासून रुंद होतोय तो. आमच्या सिंधुदुर्गातला भाग झालाय, मान्य, पण पाहुणे मुंबईहून येत होते ना. मग त्यांचा सत्कार. मग त्यांच्याबरोबर आलेल्यांचा सत्कार. मग सभागृह दिलं त्यांचा, मंडप घातला त्यांचा. शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोपटं, शाल, श्रीफळ, रोपटं. आणि प्रत्येक सत्काराच्या आधी निवेदकाची चारोळी. या निवेदक जमातीवर माझा आधीपासूनच राग आहे, पण 'उडण्यासाठी पंख नको, हौसला हवा' हे बंद पडलेल्या पंख्याखाली बसून ऐकावं लागलं तेव्हा चप्पल हातात यायची बाकी होती.

मग भाषण. "तरुणांनो, मुंबई-पुण्याच्या मागे का धावता? कोकणातच राहा! नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा! आंबा आहे, काजू आहे, समुद्र आहे!"

आहे ना साहेब. समुद्र आहे, आंबाही आहे. पण ज्या जागेत आंबा आहे तिच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची अर्धी वाडी आहे. होमस्टे काढायला कर्ज मागायला गेलं की बँक म्हणते, सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा. हिस्सेदार डोंबिवलीला, विरारला, एक काका बडोद्याला. गणपतीत सगळे येतात, आरत्या घसा फोडून म्हणतात, मोदक हाणतात. सहीचा विषय काढला की त्यांच्या गाडीची वेळ झालेली असते. काढा उद्योग!

आणि खरी गंमत तर पुढेच. भाषण संपल्यावर मागच्या हॉलमध्ये स्टॉलवर गेलो तर एक चाकणचा, एक रांजणगावचा, एक ठाण्याचा, एक गोव्यातल्या वेर्ण्याचा. कुडाळला एमआयडीसी आहे, तिथला एकही नाही. स्टेजवर म्हणायचं कोकणातच राहा, आणि पडद्यामागे आम्हाला ट्रकात भरायला माणसं उभी!

माझा नंबर आला. समोर गळ्यात पट्टा अडकवलेला मुलगा, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा असेल. बायोडेटा उलटा धरून म्हणतो, "बीएस्सी? आम्हाला आयटीआयवाले हवेत." बरं. "पण टेलिकॉलिंग आहे, पुण्यात. बारा हजार." राहायचं कुठे? "ते तुमचं तुम्ही बघायचं." बारा हजारांत? "ॲडजस्ट करतात सगळे." मग जरा बोलून दाखवा म्हणाला. बोलले. तर हसला आणि म्हणतो, "मॅडम, तुमचा हेल फार मालवणी आहे. कस्टमरला नाही चालणार."

नाही चालणार! डिसेंबरात हेच कस्टमर तारकर्लीला येऊन सुरमई तळून मागतात, तेव्हा हाच हेल 'कित्ती गोड' असतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून नेतात! बारा हजारांची खुर्ची, तीही पुण्याला, आणि त्याला माझी जीभ घासूनपुसून हवी. मी काहीतरी सणसणीत बोलणार होते. प्रत्यक्षात "ओके सर, थँक्यू सर" म्हणाले आणि वडापावच्या रांगेत जाऊन उभी राहिले. वडापाव संपले होते. क्रांती तिथेच आटोपली.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले, 'तरुणाईचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवणारी, सगळे दात दाखवणारी ती मी. काय करणार, हातांना सवय आहे. दरवर्षी निकाल लागला की आम्ही टाळ्याच वाजवतो, कोकण विभाग राज्यात पहिला! २०२५ ला दहावीचा ९८.८२ टक्के. पेढे, बॅनर. आणि त्या पहिल्या आलेल्या पोरांचं पुढे काय होतं ते मुंबईला जाणाऱ्या कोकणकन्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात जाऊन बघा.

चुलतभावाचं तर विचारूच नका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, पदवीधराला महिना दहा हजार. सहा महिने, मग पाच महिने वाढ, मग नमस्कार. एका कार्यालयात प्रिंटरपासून पोर्टलपर्यंत सगळं हाच बघायचा. आता घरी बसलाय. तिथले साहेब अजून फोन करतात, "अरे, तो पासवर्ड काय होता रे?"

हां, तणावमुक्तीचा स्टॉलही होता. 'मोबाइल कमी वापरा, सकाळी लवकर उठा', आणि हातात टेली-मानसचं, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचं पत्रक, १४४१६. त्या नंबरला मी नावं ठेवत नाही. सोय चांगली आहे, फुकट आहे, आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवरही रंगवलाय. फक्त उपकेंद्रात रेंज नाही. रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. संध्याकाळी अख्खी वाडी तिथे हात वर करून उभी असते. त्यांच्यात उभं राहून 'मला झोप लागत नाही हो' असं सांगायचं, म्हणजे मी घरी पोचायच्या आधी आई दारात, "झोप कित्याक येणा नाय गो तुका?"

आणि परत येताना दुपारची गाडी रद्द. का? विचारायचं नाही. माणसं गोळा करायला सकाळी जीपा आल्या होत्या, सोडायला एक नाही. मैत्रिणीच्या भावाने स्कूटीवर तिबल सीट आणलं, पावसात. घरी आल्या आल्या आजी, "गावली काय गो नोकरी?"

मला शाल नको, चारोळी नको, कुंडीतलं रोपटं तर मुळीच नको, आमच्याकडे रान माजलंय. मेळाव्याच्या आदल्या दिवशी ग्रुपवर एक कागद टाका. कंपनी कुठली, जागा किती, कुठल्या शिक्षणाला, पगार किती, राहायची सोय आहे की नाही. तेवढा कागद वाचून मी घरीच बसले असते आणि आईबरोबर काजू तरी फोडले असते.