वाढतं कशानं, कमी कशानं?

कंबर धरली की माणसाला वाटतं, डॉक्टरला एवढंच सांगायचं. होमिओपॅथीत तेवढ्यावर काहीच भागत नाही. धरमपेठेतल्या डॉक्टर मॅडमनी पेन उघडलं तेच मुळी पुढच्या प्रश्नाला. "वाढतं कशानं? कमी कशानं होतं?"

"उठताना कळ येते."

"मग चालत राहिलं की मोकळं होतं, की आणखी वाढतं?"

मे महिन्यात नागपुरात चालत राहतो कोण? पण सगळी मेख तिथंच आहे म्हणे. पहिल्या हालचालीला कळ आणि चालत राहिलं की आराम, तर औषध ऱ्हस टॉक्स. जरा हललं तरी वाढ आणि दुखरी बाजू दाबून निपचित पडलं की बरं, तर ब्रायोनिया. कंबर तीच, साबुदाण्याएवढ्या गोळ्याही त्याच. होमिओपॅथीचा जनक हानेमान, त्याच्यानंतर त्याचा अनुयायी बोनिंगहाउसेन यानं तर या कमी-जास्तीलाच फार वजन दिलं. टिपणाची खूणही अजब: दुखणं वाढलं की गणितातलं 'पेक्षा लहान', कमी झालं की 'पेक्षा मोठं'! (३० पोटेन्सीत, म्हणजे तीसदा पातळ करत नेल्यावर, मूळ औषधाचा एक रेणूही उरत नाही, असं केमिस्ट्री शिकलेला आमचा भाचा दर दिवाळीला ऐकवतो. त्याची कंबर अजून धरलेली नाही.)

"ओल्या गार हवेनं?"

रात्रभर वाळ्याच्या ताट्यांतून कूलर पाठीवर ओला वारा सोडतो. मी मान डोलावली. ऱ्हस टॉक्सचं पारडं जड झालं.

"तहान? घोटघोट, की एकदम तांब्याभर?"

आपण पाणी कसं पितो हे कोण बघत बसतं? बायको बसते.

"यांचं मी सांगते मॅडम. घोटघोट. आणि तेही मी आणून दिलं तर. सावजी खाल्लं की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाशी बोलत नाहीत."

'नक्स व्होमिका?' असं तिसऱ्याच औषधाचं नाव लिहिलेलं मला उलट्या बाजूनंही वाचता आलं.

"कंबरेचं आणखी काही?"

"कूलरमध्ये पाणी भरायची वेळ झाली की हमखास धरते. मी बादल्या ओतून आली का बाप्पा, एकदम मोकळी!"

मॅडमनी गंभीर चेहऱ्यानं दोन्ही खुणा केल्या आणि केंटची जाडजूड रेपर्टरी, म्हणजे लक्षणावरून औषध शोधायचा कोश, पुढ्यात ओढली. या लक्षणाची नोंद त्यात नसू दे, म्हणून मी टेकडीच्या गणपतीला नारळ बोललो.